प्रवाळाचा क्लोज-अप आणि चार सेंटची बाटली

'चेझिंग कोरल' मी पहिल्यांदा पाहिला तो मोबाइलवर, मालवणातल्या एका लॉजच्या गच्चीत बसून. त्याच दिवशी सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केलं होतं. मास्क नीट बसेना, म्हणून उभं राहायला मी पाय खाली सोडले, तसे होडीवरचे काका ओरडले, "ओ ताई, पाय टेकू नका! दगड न्हय तो, जितो आसा." परत येताना त्यांनी पाण्यावर तरंगणारी वेफर्सची दोन पाकिटं वाकून उचलली आणि होडीत टाकली. कुणाला काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ते पुन्हा भेटले. मी उत्साहाच्या भरात त्यांना सिनेमातले दोन प्रसंग दाखवले. पांढरं पडलेलं प्रवाळ, मग त्यावर चढलेला करड्या शेवाळाचा थर. त्यांनी डोळे बारीक करून सगळं पाहिलं. फोन परत देताना विचारलं, "ह्याच्यात थंयचे लोक खंय आसत?"

मी काहीतरी पुटपुटले. खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गेल्या दहा वर्षांत प्रवाळ आणि प्लॅस्टिकवर जे सिनेमे गाजले, त्यांतले बरेच मी पाहिलेत, काहींना रडलेही आहे. पण काकांचा प्रश्न डोक्यात घेऊन ते परत पाहिले, तेव्हा सिनेमे वेगळे दिसायला लागले. हा लेख त्या परत पाहण्याबद्दल आहे.

जाहिरातवाल्याचा समुद्र

आधी सिनेमाचं श्रेय सिनेमाला देऊ. २०१७मध्ये आलेला जेफ ऑर्लोव्स्कीचा 'चेझिंग कोरल' हा चांगला माहितीपट आहे. सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला, मग तो नेटफ्लिक्सवर आला आणि जगभरच्या अनेकांना प्रवाळ मरतं म्हणजे काय, ते त्यानंच पहिल्यांदा दाखवलं.

त्यातलं विज्ञान सोपं करून सांगायचं तर असं. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं, त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं आणि रंगही देतं. समुद्राचं तापमान नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त चढलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर फेकलं जातं आणि प्रवाळाच्या पारदर्शक मांसातून खालचा चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पाणी लवकर थंड झालं तर प्रवाळ सावरू शकतं. नाही झालं तर उपाशी मरतं.

हे सगळं इतकं हळू घडतं, की पाण्यात एकदा डुबकी मारून ते दिसत नाही. म्हणून सिनेमातली टीम पाण्याखाली आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावते. ते कॅमेरे दगा देतात. मग झॅक रॅगो नावाचा तरुण आणि त्याचे सोबती ग्रेट बॅरिअर रीफवर जाऊन रोज त्याच त्या जागी उतरून हातानं फोटो काढत राहतात. आपल्याला आवडणारी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत मरताना रोज पाहणं हे झॅकच्या चेहऱ्यावर उमटत जातं, आणि सिनेमाचा जीव तिथेच आहे. न्यू कॅलेडोनियातला तो प्रसंगही विसरता येत नाही. खाली प्रवाळ मरण्याआधी निळ्या-जांभळ्या रंगांत झगमगतंय, वर तरंगत्या बारवर लोक नाचतायत.

सिनेमाची कल्पना ज्याची, तो रिचर्ड व्हीव्हर्स आधी लंडनमध्ये जाहिरात क्षेत्रात होता. समुद्राची अडचण त्याला जाहिरातीची अडचण वाटते. लोकांना दिसत नाही, म्हणून लोकांना पडलेली नाही. दिसलं, की फरक पडेल. सगळा सिनेमा या एका विश्वासावर उभा आहे.

माझी तक्रार इथून सुरू होते. 'दिसलं' म्हणजे कुणाला दिसलं? मालवणच्या काकांना प्रवाळ जिवंत आहे हे सांगायला नेटफ्लिक्सची गरज नव्हती. जे रोज त्या पाण्यावर जगतात, त्यांना ते दिसतंच आहे. सिनेमा ज्यांना दाखवायचा आहे, ते समुद्रापासून लांब राहणारे, तिकीट काढून येणारे लोक, म्हणजे मी आणि बहुधा तुम्हीसुद्धा. यात गैर काहीच नाही. पण ज्याला दाखवायचं तोच गोष्टीचा नायकही झाला, की एक गडबड होते. बाहेरून आलेला माणूस बघतो, बाहेरचाच माणूस रडतो, आणि प्रवाळाशेजारी पिढ्यान् पिढ्या राहिलेला माणूस चौकटीच्या कडेला जातो.

सिनेमातला मोठा भाग लिझार्ड आयलंडवर घडतो. मला ते बेट म्हणजे संशोधन केंद्र एवढंच कळलं होतं. ते डिंगाल या आदिवासी लोकांचं बेट आहे आणि त्याचं त्यांच्या भाषेतलं नाव जिगुरू आहे, हे मला खूप नंतर दुसरीकडे वाचून समजलं. एका बेटाचं मरण दीड तास पाहूनही त्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं, याचं मला आता वाईट वाटतं.

किळस आणि खड्डे

दुसरा सिनेमा 'अ प्लॅस्टिक ओशन', २०१६चा. क्रेग लीसन हा ऑस्ट्रेलियन पत्रकार लहानपणापासून ब्लू व्हेलच्या वेडानं झपाटलेला. श्रीलंकेजवळच्या समुद्रात तो देवमासा शोधायला जातो आणि त्याला प्लॅस्टिक सापडतं. तिथून सिनेमा जगभर फिरतो. लॉर्ड हाऊ बेटावरच्या समुद्रपक्ष्यांच्या पोटातून निघणारे प्लॅस्टिकचे तुकडे पाहताना घशात आवंढा येतो. सिनेमा प्रशांत महासागरातल्या तुवालू या देशातही जातो. जेमतेम अकरा हजार वस्ती, सगळी मिळून २६ चौरस किलोमीटर जमीन, आणि कचऱ्याच्या बाजूला राहणारी माणसं.

इथे माणसं आहेत. पण ती कशी आहेत? ती सोसतात. कॅमेऱ्याकडे बघतात, आपलं दुखणं सांगतात, आणि कॅमेरा पुढच्या देशात जातो. 'चेझिंग कोरल' आपल्याला शोक देतो, 'अ प्लॅस्टिक ओशन' किळस देतो. दोन्ही भावना खऱ्या आहेत. पण किळस ही फसवी भावना आहे, कारण ती पटकन माणसावर जाऊन चिकटते. कचऱ्याशेजारी उभा असलेला माणूस आपल्याला कळत-नकळत त्या कचऱ्याचा मालक वाटू लागतो.

तुवालूची राजधानी फुनाफुटी. तिथे वस्तीला लागून मोठाले खड्डे होते आणि कितीतरी वर्षं त्यांत कचरा साठत होता. हे खड्डे बेटवाल्यांनी कचऱ्यासाठी खणलेले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३मध्ये, अमेरिकी सैन्याला धावपट्टी बांधायची होती. त्यासाठी बेटाचीच माती आणि प्रवाळाचे दगड उपसले गेले. युद्ध संपलं, सैन्य गेलं, खड्डे राहिले. ते लगूनमधली वाळू आणून बुजवले गेले २०१५मध्ये, म्हणजे सत्तर वर्षांनी. एवढं कळलं, की फुनाफुटीतल्या कचऱ्याच्या कुठल्याही फोटोचा अर्थ बदलतो. तो घाणीचा फोटो उरत नाही, हिशेबाचा होतो. खड्डा कुणाचा, बाटली कुठे बनली, ती बेटावर कुणी आणली आणि परत न्यायचा खर्च कुणी करायचा?

छोट्या बेटाचं गणित आपल्या गावासारखं नसतं. आपल्याकडे गावाबाहेर डंपिंग ग्राउंड असतं. भंगारवाला दारावर येतो, कारण चार तासांवर कुठेतरी कारखाना असतो. बेटाला 'गावाबाहेर' नावाची जागाच नसते. गावाबाहेर म्हणजे समुद्र, आणि समुद्रात पहिल्यांदा लागतं ते प्रवाळ.

आणि प्लॅस्टिक प्रवाळावर नुसतं पडून राहत नाही. २०१८मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जोलिया लॅम्ब आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. त्यांनी आशिया-प्रशांत भागातल्या १५९ प्रवाळभित्ती तपासल्या होत्या. जिथे प्लॅस्टिक नाही, तिथे प्रवाळाला रोग असण्याची शक्यता ४ टक्के. जिथे प्लॅस्टिक प्रवाळाला चिकटलेलं, तिथे ८९ टक्के. प्लॅस्टिक प्रकाश अडवतं, ओरखडे काढतं आणि जंतूंना बसायला जागा देतं. सर्वांत जास्त प्लॅस्टिक इंडोनेशियातल्या प्रवाळावर सापडलं, सर्वांत कमी ऑस्ट्रेलियातल्या. समुद्र तोच, फरक कचरा उचलण्याच्या सोयीचा. वेफर्सचं पाकीट उचलणारे काका दिसतात तितकं किरकोळ काम करत नव्हते.

पाहुण्याची शपथ

तिसरी कलाकृती फक्त सिनेमा नाही. ती पासपोर्टवरचा शिक्का आहे.

पलाऊ हा प्रशांत महासागरातला अठरा हजारांच्या आसपास वस्तीचा देश. २०१५मध्ये तिथे दीड लाखाहून जास्त पर्यटक आले. दर रहिवाशामागे आठ-नऊ पाहुणे. ते प्रवाळावर उभे राहत, शिंपले खिशात घालत, कचरा टाकत. डिसेंबर २०१७पासून पलाऊत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टवर एक मजकूर शिक्क्यानं उमटवला जातो आणि खाली सही केल्याशिवाय आत सोडत नाहीत. मजकूर तयार करण्यात तिथल्या मुलांचा सहभाग होता आणि शपथ घेतली जाते तीही त्या मुलांना उद्देशून. मी तुमच्या घरी पाहुणा म्हणून आलोय, जे माझं नाही ते घेणार नाही, असा त्याचा सूर. विमानात एक छोटी फिल्मही दाखवतात. त्यात एक अगडबंब राक्षस बेटावर येतो. तो दुष्ट नाही, फक्त बेफिकीर आहे. आपल्या पायाखाली काय चिरडतंय ते त्याला कळतच नाही. मग मुलं त्याला समजावतात.

मला साहित्य म्हणून या शपथेचं कौतुक आहे. कारण तिनं बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागा अदलाबदल केल्या. 'चेझिंग कोरल'मध्ये बाहेरचा माणूस बेटाबद्दल जगाशी बोलतो. इथे बेट बाहेरच्या माणसाशी बोलतं, आणि विनंती करत नाही, अट घालतं. ती राक्षसाची फिल्मही प्रेक्षकाला नायक करत नाही. तिथे राक्षस म्हणजे आपण.

तरी हुरळून जायचं कारण नाही. ही शपथही जाहिरात क्षेत्रातल्या लोकांच्या मदतीनं घडली आणि २०१८मध्ये कानच्या जाहिरात महोत्सवात तिनं मोठी पारितोषिकं घेतली. जाहिरातीपुरतीच ती असती तर मी तिच्याबद्दल लिहिलंच नसतं. पण शपथेच्या मागे कायदा आहे. प्रवाळाला घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर पलाऊनं १ जानेवारी २०२०पासून बंदी घातली. त्याच वर्षी आपल्या सागरी हद्दीच्या ८० टक्के भागात व्यापारी मासेमारी बंद केली. आणि कायद्याच्याही मागे 'बुल' नावाची जुनी रीत आहे. मासे कमी झाले, की गावप्रमुख एखादा भाग काही काळ बंद जाहीर करत आणि लोक तो पाळत. शपथेला वजन आलं ते या रीतीमुळे. जाहिरातवाल्यांनी फक्त तिचं भाषांतर केलं, पाहुण्यांना कळेल अशा भाषेत.

न निघालेले सिनेमे

आता ज्या गोष्टींवर गाजलेला सिनेमा माझ्या बघण्यात आलेला नाही, त्या सांगते.

पहिली किरिबातीची, साउथ तारावा बेटावरची. तिथे २००४च्या कायद्यानं एक सोपी योजना उभी राहिली. तिचं नाव 'काओकी मांगे', म्हणजे कचरा परत कर. कॅन किंवा प्लॅस्टिकची बाटली देशात येतानाच तिच्यावर पाच सेंट डिपॉझिट लागतं. रिकामी बाटली केंद्रावर परत दिली, की चार सेंट हातात मिळतात. उरलेला एक सेंट योजना चालवायला. कॅन दाबून गठ्ठे करतात आणि जहाजानं बाहेर पाठवतात. तुमच्या आजोबांना विचारा, सोड्याची बाटली परत केल्याशिवाय डिपॉझिट मिळायचं नाही. तीच युक्ती. फरक इतकाच, की इथे ती देशाच्या कायद्यात आहे आणि कचरा परत न्यायचा खर्च बाटली विकत घेतानाच वसूल होतो.

या योजनेत काय दिसतं? रांग, वजनकाटा, पोती, चार सेंट. एकही सुंदर शॉट नाही. कुणी रडत नाही. पण बाटली समुद्रात जात नाही.

दुसरी गोष्ट फिलिपिन्समधल्या आपो बेटाची. जेमतेम पाऊण चौरस किलोमीटरचं बेट. १९७०च्या दशकात तिथे आणि आसपास सुरुंग लावून, सायनाइड वापरून, दगडांनी प्रवाळ बडवून मासे जाळ्यात हाकण्याची पद्धत होती. मासे कमी झाले, होड्या लांब जाऊ लागल्या. सिलिमन विद्यापीठातले सागरी जीवशास्त्रज्ञ एंजेल अल्काला यांनी सुचवलं, किनाऱ्याचा एक तुकडा कायमचा बंद ठेवा. तिथे मासे वाढतील आणि बाहेर येतील. लोकांना ते पटेना, आणि का पटावं? पोट भरत नाही आणि हा माणूस म्हणतो आणखी कमी जागेत मासेमारी करा. समजावण्यात तीन वर्षं गेली. बेटावरच्या लोकांना शेजारच्या सुमिलोन बेटावर नेऊन, १९७४पासून राखलेल्या पाण्यात मासे कसे वाढलेत ते दाखवलं. अखेर १९८२मध्ये चौदा कुटुंबं तयार झाली. सुमारे ४५० मीटर किनारा बंद झाला. पहारा सोपा होता, किनाऱ्यावर बसून एका माणसालाही सगळा भाग दिसे. मासे वाढले तसं बाकीच्यांनाही पटलं. मग सगळ्या बेटाभोवती नियम आले. बाहेरच्या होड्या बंद, सुरुंग बंद.

आणि याच गोष्टीची उलटी बाजू सुमिलोनला घडली. १९८४मध्ये तिथलं संरक्षण कोसळलं, राखीव भागात पुन्हा मासेमारी सुरू झाली. वापरायला जागा वाढली, म्हणजे मासे वाढायला हवेत ना? मच्छिमारांच्या हाती येणारे मासे जवळपास निम्म्यावर आले. दोन शेजारी बेटं, एक नियम पाळणारं, एक मोडणारं. कुठल्या पटकथाकाराला याहून चांगली रचना सुचली असती?

तिसरी गोष्ट फिलिपिन्समधल्याच डानाहोन बँकेची. हा दुर्मिळ दुहेरी प्रवाळपट्टा. नायलॉनची फाटकी जाळी मच्छिमार टाकून देत. ती प्रवाळात अडकून पडत आणि वर्षानुवर्षं मासे मारत राहत. २०१२मध्ये तिथे 'नेट-वर्क्स' नावाचं काम सुरू झालं. गावकरी जुनी जाळी गोळा करतात, वजनावर विकतात, त्याचं सूत होतं आणि त्यातून गालिचे बनतात. पैसा गावातल्या बचतगटांमधून फिरतो. आपल्याकडे बचतगट म्हटलं, की पापड-लोणच्यांचा स्टॉल आठवतो. तिथे तो प्रवाळावरची जाळी सोडवतोय.

या तिन्ही गोष्टींत बेटावरचा माणूस ठरवतो. तो बैठकीला येतो, भांडतो, पैसे मोजतो, शेजाऱ्यावर संशय घेतो, वर्षभरानं मत बदलतो. नाट्य म्हणतात ते हेच. आपल्या सिनेमांना मात्र बैठक चित्रित करता येत नाही. पाण्याखालचा प्रकाश कसा पकडायचा याचं तंत्र इतकं पुढे गेलंय, की समाजमंदिरातल्या ट्यूबलाइटखाली चाललेला वाद पकडायचं विसरून गेलोय.

'लोकसहभाग' नावाचा गोड शब्द

इथवर वाचून वाटेल, की मग झालं तर, लोकांच्या हाती द्या आणि सगळं ठीक होईल. संस्थांच्या तीन मिनिटांच्या फिल्मा आणि रील्स नेमकं हेच सांगतात. युकुलेलेचं संगीत, हसणारी मुलं, हातमोजे घालून किनारा साफ करणारे टी-शर्ट, शेवटी लोगो. मोठ्या सिनेमांनी बेटवाल्याला बिचारा केलं, या फिल्मा त्याला संत करतात. दोन्हींत तो खरा माणूस उरत नाही.

खरं काय घडलं ते पाहा. आपोच्या लोकांनी तीस वर्षं नियम पाळले. डिसेंबर २०११मध्ये एक वादळ आलं, डिसेंबर २०१२मध्ये दुसरं. ज्या ४५० मीटरवर सगळी गोष्ट उभी होती, तिथलंच प्रवाळ उद्ध्वस्त झालं. नियम कुणी मोडला नव्हता.

आपलं लक्षद्वीप घ्या. दहा वस्तीची बेटं, २०११च्या जनगणनेत चौसष्ट हजार लोक. तिथली ट्यूना मासेमारी गळ आणि काठीची, एकेक मासा ओढून काढणारी. जगातल्या त्यातल्या त्यात सभ्य मासेमारीपैकी एक. आमिषासाठी लागणारे बारके मासे लगूनमधल्या प्रवाळातून मिळतात, त्यामुळे प्रवाळ जपणं हा तिथे छंद नाही, पोटाचा प्रश्न आहे. तरीही १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४, चार वेळा उष्णतेच्या लाटेनं तिथलं प्रवाळ पांढरं पडलं. पहिल्या लाटेपासून दोन दशकांत तिथलं जिवंत प्रवाळ जवळपास निम्मं झालं. लक्षद्वीपच्या माणसानं किती बाटल्या उचलल्या असत्या म्हणजे अरबी समुद्र थंड राहिला असता?

आणि हे तिथंपुरतं नाही. एप्रिल २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी इतिहासातलं चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं. पुढच्या वर्षापर्यंत जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला तशी उष्णता पोहोचली होती. ही उष्णता बेटांनी तयार केलेली नाही.

म्हणजे 'चेझिंग कोरल' खोटं बोलत नाही. मोठं कारण तोच सांगतो. कोळसा, तेल, धूर यांच्याबद्दल बोलल्याशिवाय प्रवाळाबद्दल बोलणं म्हणजे घर जळत असताना अंगण झाडणं. पण मग अंगण झाडणारा वेडा का?

नाही. २०२३मध्ये 'नेचर'मध्ये हवाईतल्या प्रवाळांवरचा एक अभ्यास आला. उष्णतेच्या लाटेनंतर जिथे जमिनीवरून येणारं सांडपाणी आणि घाण कमी होती आणि मासे जास्त होते, तिथलं प्रवाळ जास्त टिकलं. यातलं एकच सुधारून जितका फायदा, त्याहून दोन्ही सुधारून खूप जास्त. तापलेल्या माणसाला उपाशी ठेवू नये, एवढी साधी गोष्ट. कचरा, सांडपाणी, अति-मासेमारी आटोक्यात ठेवून बेट आपल्या प्रवाळाला थोडा वेळ मिळवून देतं. तो वेळ वापरायचा की वाया घालवायचा, हे मात्र बेटावर ठरत नाही. ते ज्या शहरांत ठरतं, तिथे आपण राहतो.

चांगल्या कलाकृतीनं हे दोन्ही एकाच वेळी धरून ठेवायला हवं. बेटावरचा माणूस ठरवतो, आणि त्याच्या ठरवण्याला एक मर्यादा आहे जी त्यानं घातलेली नाही. पहिलं वाक्य गाळलं की शोकपट तयार होतो. दुसरं गाळलं की रील.

मालवणात परत

मालवणचा समुद्र १९८७मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. कागदावर २९ चौरस किलोमीटर. त्या पाण्यावर पोट असलेल्या मच्छिमारांचा त्याला विरोध झाला आणि तो अनेक वर्षं चालला. मी लहानपणापासून हे ऐकत आलेय ते एका वाक्यात, 'लोकांना पर्यावरणाचं कळत नाही.' आपोची गोष्ट वाचल्यावर ते वाक्य मला म्हणवत नाही. तिथेही लोकांनी आधी 'नाही' म्हटलं होतं. फरक असा, की तिथे 'नाही' ऐकल्यावर कुणीतरी तीन वर्षं बसून राहिलं.

आज तिथे आपण सगळे जातो. स्कूबा, पॅरासेलिंग, गोप्रोचा व्हिडिओ, सुरमईची थाळी. आपल्या स्टोरीला शंभर लाइक मिळतात. स्टोरीत प्रवाळ असतं, आपण असतो. होडी वल्हवणारा हात बहुतेक वेळा क्रॉप झालेला असतो. म्हणजे ज्या चुकीबद्दल मी दोन हजार शब्द ऑर्लोव्स्कीला आणि लीसनला बोल लावला, तीच चूक माझ्या फोनच्या गॅलरीत आहे. त्या सकाळचे माझ्याकडे एकेचाळीस फोटो आहेत. काका एकाही फोटोत नाहीत. एका फोटोच्या कोपऱ्यात त्यांनी उचललेलं वेफर्सचं पाकीट तेवढं दिसतं.

'चेझिंग कोरल' पाहू नका असं मी म्हणणार नाही. जरूर पाहा, शक्यतो मोठ्या पडद्यावर. पाहून झाल्यावर काकांचा प्रश्न स्वतःला विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी सिनेमा शिकत असेल, कॅमेरा हाताशी असेल, तर मालवणात, लक्षद्वीपमध्ये किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही किनाऱ्यावर वर्षभर बैठका चित्रित करा. पाण्यात नंतर उतरा. कोण बोलतं, कोण गप्प बसतं, कचऱ्याच्या गाडीचे पैसे कोण देतं, पहिली चौदा घरं कोणती तयार होतात, ते टिपा.

पुढच्या वेळी मालवणला गेले, की काकांना पलाऊच्या शिक्क्याबद्दल सांगणार आहे. इथे आत शिरताना पर्यटकांकडून सही घ्यायची झाली तर त्या कागदावर काय लिहायचं, हे त्यांनाच विचारेन. पहिली ओळ बहुधा मला ठाऊक आहे. पाय टेकू नका.